पूल बंद हाय

खाडीवर पूल झाल्यापासून या घरातली सून माहेरी रात्रभर राहिली नव्हती. "अर्ध्या तासाची वाट. पूल असताना राहायचं कशाला?" हे सासऱ्यांचं ठरलेलं वाक्य.

आज सकाळी मृणाली चौलला माहेरी आली, तर आई तापानं फणफणलेली. घरात दुसरं कुणी नाही. सासूबाईंना फोनवर तापाचं कळवून दिवसभर तिनं आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पाच वाजले तशी सासरी परतायची वेळ झाली. आईच्या हातातून हात सोडवून ती पर्स शोधत होती, तोच सासूबाईंचा फोन आला. सोनूबाई एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"पूल बंद हाय! गाड्या सोडत न्हायत! तू थांब तिथंच!"

मृणालीनं पर्स खुंटीला अडकवली आणि आईसाठी पेज टाकली. वाटीभर पेज पिऊन आई शांत झोपली.

सात वाजता शेजारचा जीवन मोटारसायकलवरून पलीकडून आला. "पूल? आत्ताच त्याच्यावरून आलो की. मोकळा हाय."

तिनं घाबरून सासूबाईंना फोन लावला. "आई, पूल चालू हाय म्हणतात. निघू का मी?"

"हळू बोल." सोनूबाई आता कुजबुजत होत्या. "तुझे सासरे ओटीवर हायेत. माझ्या वेळी पूल नव्हता. माहेरी गेले की माझी शेवटची होडी हमखास चुकायची. तुला कुठली आलीय होडी? म्हणून मीच पूल बंद केला. आईचा ताप उतरला की सांग, उघडते."