एकदाच दाबा

ग्रंथालयासाठी मी लिहिलेला पहिलाच प्रोग्रॅम 'शोधा'चं बटण दाबलं की हँग व्हायचा.

"बाई, एकदाच दाबा! किती वेळा सांगू?" मी ग्रंथपाल बाईंवर वाचकांदेखत खेकसायचो. त्या ओशाळून माऊसवरचा हात काढून घ्यायच्या.

एका दुपारी मी त्यांच्या मागे उभा राहून पाहिलं. त्यांनी एकदाच दाबलं, तरी प्रोग्रॅम हँग झाला. चूक माझ्या कोडमध्ये होती. शोध चालू असताना त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. मी ती गुपचूप दुरुस्त केली.

निवृत्तीच्या समारंभात बाई म्हणाल्या, "या वयात मला बटण नीट दाबता यायला लागलं, ते या मुलाच्या चिकाटीमुळे."

टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.