दार लाव आधी

"दार लाव आधी!"

चाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज कानात घुमला आणि घारीची सावली पडताच पिलू दबावं तसा शैलजाचा श्वास दबला. तेवढ्यात यंत्रानं किरण सोडला. आतड्यातून फुफ्फुसात पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी श्वासाबरोबर हलत. श्वास थांबला, तरच नेम लागे.

"झकास, काकू!" काचेपलीकडून तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. "तुमच्या आठवणीतले सगळे आवाज यंत्रानं लावून पाहिले. आईच्या अंगाईला तुमचा श्वास नुसता पाळण्यासारखा झुलतो. काकांच्या आवाजाला मात्र दगड होतो. केवढा जीव हो तुमचा त्यांच्यावर!"

बाहेर बाकावर बसलेल्या शैलजाच्या नवऱ्याला, वसंतरावांनाही तिनं हे कौतुकानं सांगितलं. ते मिशीत हसले.

"माझ्या शब्दाबाहेर हिचा श्वाससुद्धा नाही. म्हणून तर जगतेय! काय गं?"

अशा वेळी हसून मान डोलवायची, हे शैलजाच्या अंगवळणी पडलं होतं. उद्या पुन्हा त्याच आवाजाखाली निजायचं होतं. जगायचं तर दुसरा आवाज नव्हता.

या वेळी तिची मान हलली नाही.

"शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लावायला सांगायचात ना," ती म्हणाली. "अहो, जीव होता म्हणून नव्हे, पुढचा फटका कुठून येतोय ते कळावं, म्हणून धरायची मी श्वास."