बांधावरचं गाजरगवत

आपल्या वडिलांचा, आबांचा दमा या गाजरगवतानेच वाढवला, अशी वैजयंतीची खात्री होती. म्हणून स्मशानात त्यांची राख सावडून दहावा उरकल्यावर तिने दुधनीच्या शेताच्या बांधावरचं सगळं गवत एकटीने उपटलं, ढीग रचला आणि वर डिझेल ओतून पेटवून दिला.

"लई ब्येस केलंस, पोरी," शेजारच्या सोजरबाई म्हणाल्या. "म्हातारा रोज हितं येऊन बसायचा, पर एक काडी कदी उपटली न्हाई."

"थकले होते," वैजयंती म्हणाली. आबा गेल्यापासून त्यांच्यासाठी काहीतरी केल्यासारखं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती शेतावर असताना अक्कलकोटहून अवधूत पाटील आले. हातात झाकणाला भोकं पाडलेली बरणी होती.

"आबा गेल्याचं कळलं, ताई. त्यांनीच मला भुंगे न्यायला बोलावलं होतं. गाजरगवत फस्त करणारे भुंगे, बाहेरच्या देशातली जात हाय. लई जपून वाढवलेत त्यांनी. ते दुसरं काय खात न्हाईत, म्हणून तर बांधावरचं गवत राखलं होतं की. कुटल्या बांधावर हायती?"



वैजयंती खाली बसली आणि तिने गार राखेत हात घातला, या महिन्यात दुसऱ्यांदा.