दर्शनी काचेतला फोटो

"आज उतरवतेस ना, शकुंतले?" समोर राहणाऱ्या घरमालकीण चंद्रभागाबाईंनी पायरीवरूनच विचारलं. फोटोच्या दुकानाच्या दर्शनी काचेकडे पाठ करून त्या उभ्या होत्या. गेली कित्येक वर्षं त्या तशाच उभ्या राहत.

शकुंतलानं मान हलवली. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, दिवसकार्य होऊन तिसराच दिवस. दुकान आजच उघडलं होतं, आणि पहिलं माणूस आलं ते हेच मागायला.

"तुझ्या अण्णांना आमच्याकडून शंभरदा सांगून झालं. हसायचे आणि चहा मागवायचे. माणूस सोन्यासारखा, पण त्या एका फोटोपायी अख्ख्या दुर्गदबैल पेठेनं त्यांना वेड्यात काढलं."

"मलाही त्यांनी कधी कारण सांगितलं नाही, अक्का."

फोटो प्लेगच्या काळातला. छपराच्या खांबाला टेकून बसलेला रुमालवाला माणूस, मांडीवर दीड-दोन वर्षांची मुलगी. माणसाची नजर सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका तो स्पष्ट. पोरीचा चेहरा मात्र धुरकट, पुसल्यासारखा, मान एका बाजूला कलती. मेलेलं मूल मांडीवर घेऊन बाप फोटोला बसलाय, हे कुणाला सांगावं लागत नसे. बायका पोरांच्या डोळ्यांवर पदर धरून पुढं जात. एकदा कुणीतरी काचेवर शेण मारलं होतं. अण्णांनी बादली आणून काच स्वतः धुतली, फोटो तिथंच राहिला. पस्तीस वर्षं राहिला. विटला की ते नवा छापायचे.

"सूनबाईला सातवा लागलाय," चंद्रभागाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "आधीची दोन हाती लागली नाहीत. माडीवरून खाली यायला तयार नाही. का, तर समोर ते पोर. शकुंतले, आता पुरे झालं. यजमान म्हणतात, महिनाअखेर जागा मोकळी करून घेऊ. मी म्हटलं, थांबा, मी बोलते शकुंतलेशी. कुठं जाईल ती?"

कुठं जाणार, हे शकुंतलालाही ठाऊक नव्हतं. आई तिला आठवत नव्हती. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, तेव्हा अण्णांनी तिला इथं आणून हातात बारीक कुंचला दिला होता. फोटोतल्या लोकांच्या चेहऱ्यांवरचे देवीचे वण पुसणं, एवढंच तिला येत होतं, आणि ते याच दुकानात बसून.

"उतरवते," ती म्हणाली.

"नुसता उतरवून भागायचं नाही गं. मूळ काच असते ना तुमची, निगेटिव्ह? ती असली तर उद्या पुन्हा छापशील. तुझ्या अण्णांचीच तू."

"तीही पुसते."

"रडू नकोस."

"रडत नाहीये, अक्का. झोप नाही झाली."

चंद्रभागाबाई आत येऊन स्टुलावर बसल्या. बघितल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या.

त्या फोटोची काच इतर काचांच्या फळीवर नव्हती. ती त्यांच्या पेटीत निघाली, धोतरांच्या खाली, तपकिरी पाकिटात. पाकिटाच्या वरच्या बाजूला फक्त नंबर. ती हातात घेताना शकुंतलाला अण्णांची एक खोड आठवली. कुणी परगावचं माणूस त्या फोटोपुढं थबकलं, की ते हातचं काम टाकून बाहेर धावत. एकदा तर, हललात तर चेहरा पुसट येईल असं बजावून बसवलेल्या नवरदेवाला कॅमेऱ्यापुढं ताटकळत ठेवलं होतं. "कुठले तुम्ही?" विचारायचे. तो कलघटगीचा नाहीतर आणखी कुठला निघायचा, दोन शब्द बोलून वाटेला लागायचा. अण्णा आत येऊन माठातलं पाणी घटाघटा प्यायचे, आणि संध्याकाळी तिच्यासाठी चुरमुऱ्यांचं गिरमिट बांधून आणायचे.

"गिऱ्हाईक गेलं म्हणून खूश होणारा दुकानदार तुम्हीच," ती चिडवायची.

"गेलं ना? मग झालं," ते म्हणायचे.

तिनं शेगडी पेटवली. निकामी काचा गरम सोड्याच्या पाण्यात टाकायच्या, वरचा थर सुटला की कोरी काच चौकटीला वापरायची, ही दुकानाची जुनी रीत. अशा शेकडो काचा तिनं धुतल्या होत्या. टाकण्याआधी प्रत्येक काच उजेडाला धरून बघायची तिची सवय. आज तिनं धरली नाही. पाकिटातून काढली ती सरळ पाण्यात सोडली.

उतरवून चौकटीतून काढलेला फोटो चंद्रभागाबाईंनी स्वतःच शेगडीत सारला, तोंड फिरवून.

थोड्या वेळानं काचेवरचा थर सुरकुतला, सायीसारखा गोळा झाला. शकुंतलानं तो बोटांनी सोडवून मोरीत टाकला. काच फडक्यानं पुसली. तिच्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसू लागली.

"देव तुझं भलं करो," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि लगबगीनं समोर गेल्या. जरा वेळानं त्यांची सून माडीच्या कठड्याशी आली. आधी तिनं डोळे मिटून घेतले होते. मग उघडले.

शकुंतला भिंतीला टेकून बसली. अण्णांचा शब्द मोडला, असं तिला वाटलं. मग वाटलं, शब्द असा त्यांनी दिला-घेतला तरी कुठं होता. शेगडीत थोडी धग उरली होती. रिकामं पाकीट तिनं आत टाकायला उचललं, तर त्याच्या पाठीवर बारीक अक्षर दिसलं. अण्णांचं अक्षर न वाचता जाळायचं तिच्या जिवावर आलं. ती उठून दाराशी, उजेडात गेली.

"सन १९०३, प्लेगची छावणी. बाप मयत, मूल जिवंत. नातलग ओळख पटवून मागायला येतील तोवर फोटो दर्शनी काचेत ठेवणे."

त्याखाली, वेगळ्या शाईत:

"सहा महिने झाले. कोणी आले नाही. मुलीचे नाव शकुंतला ठेवले."