रक्ताची परवानगी

घुले डॉक्टरांनी मैना गाईच्या कानाला रक्त तपासणाऱ्या बोलक्या यंत्राची सुई टोचली आणि दिवा लाल झाला. व्यायलेल्या गाईचं रक्त सावरलेलं नसेल, तर यंत्राला जोडलेला कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचा डबा उघडतच नसे. मग मालक कितीही गयावया करो.

"दोन महिने झाले व्याल्याला, पण अंगातली चरबी अजून दुधात चाललीय," डॉक्टर म्हणाले. "आज भरवून गाभण करता येणार नाही."

भागाबाईंनी मैनेच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे गं बाई. आधी तुझं अंग भरू दे. घाई कुणाला आहे?"

त्यांची सून वैजयंता पाच महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. आज सकाळीच भागाबाई तिला म्हणाल्या होत्या, "आता लगेच दुसरं होऊ दे. मुलगा हवा."

ती पुढे आली आणि तिने बोट समोर धरलं. "डॉक्टर, नवी सुई लावा. माझं बघा."

"वहिनी, हे जनावरांचं यंत्र आहे."

"रक्तच बघतंय ना? लावा."

डॉक्टरांनी भागाबाईंकडे पाहिलं, मग सुई बदलून तिच्या बोटाला टोचली. दिवा लाल झाला. तिला गाय समजून यंत्र नेहमीच्या आवाजात बोललं, "जनावर अशक्त आहे. सहा महिने भरवू नका. खुराक वाढवा."

भागाबाई खाली बघू लागल्या. वैजयंताने बोटावरचा थेंब पुसला नाही.

"आत्या," ती म्हणाली, "मैनेला आत्ता जे म्हणालात, तेच मला म्हणा."