जपून ठेवलेलं रीळ

दर चार टाक्यांमागे धागा पिंजायचा, तुटायचा आणि मशीनच्या पोटात नुसता कापूस साठायचा. शिवणवाल्या काकू वैतागून रीळ परत करायला गेल्या, तर दुकानदार भर गिऱ्हाइकांत हसला. "धाग्यात खोट नाही काकू, तुमची शिवायची पद्धत चुकतेय."

काकूंनी ते रीळ डब्यात जपून ठेवलं.

वर्षभराने तोच दुकानदार मुलीच्या लग्नासाठी पँट शिवायला टाकून गेला, वर आग्रहाचं आमंत्रणही देऊन गेला. काकूंनी अख्खी पँट उत्तम धाग्याने शिवली. बसायच्या जागेवरची टीप तेवढी, दहादा सुई ओवत, त्या रिळाने मारली.

लग्नात व्याह्यांशेजारी तो टेकला मात्र, टर्रकन आवाज झाला. दोन्ही हात मागे धरून तो काकूंकडे बघतच राहिला.



"धाग्यात खोट नाही हो," काकू भर मांडवात म्हणाल्या, "तुमची बसायची पद्धत चुकतेय."