खरं बोलायला कोणाला जमेल?

दुसरीच्या वर्गात दर शनिवारी कुणातरी मुलाचे आईवडील येऊन गोष्ट वाचून दाखवायचे. आज एका मुलीच्या आईचा नंबर होता, पण आले बाबा. "तिला ताप आहे," असं त्यांनी बाईंना दारातच सांगून टाकलं. काल आईच्या गालावर उठलेली बोटं अजून उतरली नव्हती, हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुस्तक बाईंनीच हातात ठेवलं. घाबरत घाबरत का होईना, पण खरं बोलणाऱ्या सशाची गोष्ट होती. बाबांनी ती कशीबशी रेटली. संपली एकदाची, म्हणून ते पुस्तक मिटतात न मिटतात तोच बाईंनी मुलांना विचारलं, "भीती वाटत असतानाही खरं बोलायला कोणाला जमेल?"

पहिला हात वर गेला तो त्यांच्याच लेकीचा. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी डोळ्यांनीच तिला दटावलं, पण ती उठून उभी राहिलीसुद्धा.

"बाई, माझ्या आईला खरंच खूप ताप आहे. मी कपाळाला हात लावला, तर चटकाच बसला."

"अगं बाई गं! काळजी घ्या हं त्यांची," बाई बाबांना म्हणाल्या.

बाबांचा जीव भांड्यात पडला. घंटा होताच लेक धावत आली, त्यांच्या कानाशी लागली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी नीट सांगितलं ना? मग आज आईला मारू नका."